दुपारी बंद पडणारा कॉम्प्युटर

कॉम्प्युटर का तापतो, हे मी वीस वर्षं लोकांना समजावून सांगितलं. भालकीत सांगितलं, बसवकल्याणला सांगितलं, औरादच्या डॉक्टरांना सांगितलं, आळंदच्या प्राध्यापकांना सांगितलं. माझ्या माहितीप्रमाणे ते एकालाही कळलं नाही. लोक मान डोलवायचे, चहा पाजायचे, आणि मी जिना उतरून खाली येईपर्यंत पेटी पुन्हा भिंतीला चिकटवून ठेवायचे.

आता तुम्हाला सांगतो. तुम्हालाही कळेलच असं नाही, पण सांगतो. पेटीच्या आत मोठ्या शंकरपाळ्याएवढी एक चिप असते. सगळं काम ती करते, आणि काम करता करता तापते. तिच्या डोक्यावर अॅल्युमिनियमची, पात्यापात्यांची एक वडी बसवलेली असते. चिप आणि वडी यांच्यामध्ये पांढऱ्या पेस्टचा पातळ हात देतात, म्हणजे मध्ये हवा राहत नाही आणि उष्णता सरळ वडीत चढते. वडीवर पंखा असतो. पंखा ती गरम हवा उडवतो आणि पेटीच्या मागच्या जाळीतून ती बाहेर जाते. एवढंच आहे. यातली एक जरी वाट अडली तरी चिप तापत जाते, आणि फार तापली की जळून जाण्याआधी मशीन आपलं आपण बंद होतं. लोक त्याला बिघाड म्हणतात. मी म्हणायचो, तुमच्या घरात अक्कल वापरणारं हे एकच आहे, त्याला तरी नावं ठेवू नका.

पुण्यात आठ महिन्यांचा हार्डवेअरचा कोर्स करून मी भालकीला परत आलो, तेव्हा माझ्या वयाची पोरं गाठोडी बांधून पुण्याला, मुंबईला, हैदराबादला निघाली होती. मी उलटा आलो म्हणून वडील आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण मला दिसत होतं, की या भागात आता मशीनं येणार, ती बिघडणार, आणि त्यांना हात लावणारा मी एकटा असणार. तसंच झालं. बीदरपासून उदगीरपर्यंत लोक मला बिराजदार इंजिनियर म्हणायला लागले. इंजिनियर मी नव्हतो, पण मीही कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही.

गिऱ्हाइकं काय एकेक होती! एका प्राध्यापकांनी कॉम्प्युटरसाठी सागवानी कपाट करून घेतलं होतं. पुढं काच, मागं फळी, आणि कपाटाला कुलूप. आत मशीन सुरू आणि बाहेर किल्ली यांच्या कमरेला. म्हणे धूळ बसत नाही. धूळ खरंच बसली नव्हती. त्या कपाटात पापड वाळले असते. एका पुढाऱ्याच्या ऑफिसात तर मे महिन्यात पेटीचं झाकण काढून समोर पाण्याचा कूलर लावला होता. आतल्या सगळ्या सर्किटच्या पट्टीवर दव पडल्यासारखे थेंब. मी डोक्याला हात लावला, तर पुढारी म्हणाले, "थंडच करायचं हाय न्हवं? मग कामून तोंड वाकडं करायलाव?"

सगळ्यात वरचा नंबर कलबुर्गीच्या एका डाळ मिलमधल्या कारकुनाचा. तुरीच्या टरफलाचा बारीक भुसा पंख्यात बसून तिथलं मशीन वर्षातून दोनदा गुदमरायचं. मी जायचो, भुसा झाडायचो, पांढरी पेस्ट लावायचो. या गृहस्थानं ते दोनदा पाहिलं आणि तिसऱ्या वेळी मला बोलावलंच नाही. स्वतःच वडी काढली, पुसली आणि देवघरातली विभूती पाण्यात कालवून चिपवर लावली. वर आडव्या तीन बोटांनी. मशीन दोन मिनिटंही टिकेना. मी विचारलं, हे काय केलं? तर म्हणाला, "तुमचंबी पांढरंच व्हतं की, सर. हे तर पवित्र हाय." मी चिपला आंघोळ घातली आणि आलो.

असे किस्से मी कितीही सांगीन, आणि आजवर सांगतच आलो. लग्नात, बसमध्ये, बँकेच्या रांगेत, जिथं चार माणसं हसतील तिथं सांगितले. एक मात्र कुठंच सांगितला नाही. त्यात हसण्यासारखा माणूस मीच होतो.

दोन हजार तीन-चारच्या सुमाराची गोष्ट. तहसील कचेरीच्या समोर गोविंदराव पटवारी यांच्या घराच्या ओसरीत त्यांचं सेंटर होतं. झेरॉक्स, अर्ज, टायपिंग, लग्नपत्रिका. आमच्या भागात पत्रिका एका बाजूनं मराठी आणि एका बाजूनं कानडी लागते, नाहीतर अर्धे पाहुणे रुसतात. कचेरीत कानडी अर्ज, आणि तो करणाऱ्याला मराठीच वाचता येतं. म्हणून सेंटरला दोन्ही लिप्या टाइप करणारं माणूस हवं होतं, आणि ते त्यांना मिळालं होतं. महादेवी मेत्रे. वय एकोणीस-वीस, बारावी पास.

तिचा आजा मेंढरं राखायचा. बापाकडं दोन एकर कोरडवाहू होतं, ते सहा महिने पुरायचं, आणि बाकीचे सहा महिने आई-बाप हैदराबादला इमारतीच्या कामावर. ही धनगरवाडीत चुलत्याकडं राहून रोज बसनं भालकीला यायची. बापानं तिला एकच अट घातली होती, ती तिनंच मला एकदा, मी मशीन खोललेलं आणि ती पंखा धरून उभी असताना, सांगितली. "काम हाय तवर ऱ्हा म्हणलाय. काम सुटलं की हैदराबाद." तिला हैदराबादला जायचं नव्हतं. तिला बीदरला जाऊन डीटीपीचं मोठं काम शिकायचं होतं, आणि ते ती शिकली असती. माझ्याकडं पुण्याचं सर्टिफिकेट होतं, पण कानडीतला एक जोडाक्षराचा फॉन्ट मला बसवता येत नव्हता, तो तिनं बसवला होता. ते मला आवडलं नव्हतं, हे आज कबूल करतो.

ओसरीच्या एका कोपऱ्यात गादीवर गोविंदरावांचे वडील बसलेले असत. त्यांना सगळे अप्पा म्हणत. अप्पा निजामाच्या राज्यात तीन गावांचे पटवारी होते. गावच्या जमिनीचं सगळं दप्तर तेव्हा पटवाऱ्याच्या घरी असायचं, उर्दूत आणि मोडीत. ते राज्य गेलं, पटवारकी गेली, दप्तर सरकारजमा झालं. अप्पा ऐंशीच्या पुढं होते, एका डोळ्यानं कमी दिसायचं, पण लोक अजूनही वारसाचा अर्ज आधी त्यांच्यापुढं धरायचे आणि मग टाइप करायला द्यायचे. अप्पा कागद हातात घ्यायचे, उलटसुलट बघायचे आणि "हं" म्हणायचे.

उन्हाळ्यात त्या सेंटरचं मशीन बंद पडायला लागलं. कधी? तर दुपारी. एक ते दोन सेंटर जेवायला बंद असे. महादेवी दोनला परत यायची तेव्हा मशीन मेलेलं असायचं. पंधरा-वीस मिनिटं बटण दाबून उपयोग नाही, मग आपोआप सुरू व्हायचं, आणि संध्याकाळपर्यंत ठणठणीत. पण अर्धवट टाइप केलेलं सगळं गेलेलं. एकदा तर चार पानांची वाटणीची तक्रार गेली, आणि ती लिहून घेणारे दोन भाऊ महादेवीच्या अंगावर धावून गेले. जेवायला जाताना मशीन बंद का करत नाही, असं तुम्ही विचाराल. कारण मीच तसं सांगितलं होतं. सारखं बंद-चालू करू नका, आयुष्य कमी होतं, असं मी सगळ्यांनाच छातीठोकपणे सांगायचो. कोर्समध्ये कुणीतरी म्हणालं होतं.

मी चार वेळा गेलो. पहिल्यांदा धूळ काढली, पेस्ट नवी लावली. दुसऱ्यांदा पॉवर सप्लाय बदलला. तिसऱ्यांदा मागं एक जादा पंखा बसवला. वीज जाते का पाहिलं, इन्व्हर्टर पाहिला, पेटी भिंतीपासून हातभर लांब ठेवली. दर वेळी सकाळी अकराला पोचायचो, एकपर्यंत उघडझाप करायचो, आणि एक वाजला की गोविंदराव म्हणायचे, "चला बिराजदार, ताटं वाढल्यात." मी हात धुऊन आत, पाटावर. शेंगदाण्याची चटणी, ज्वारीची कडक भाकरी, वर तुपाची धार. अप्पा नेहमी आमच्या मागून, सावकाश, पाच-सात मिनिटं उशिरा यायचे. महादेवी आपला डबा घेऊन समोरच्या कचेरीच्या लिंबाखाली. पटवाऱ्यांच्या घरात ती कुठं जेवणार, हे कुणी कधी तोंडानं विचारलं नव्हतं आणि उत्तर सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं आणि मी तुपाची धार घेत होतो.

तिसऱ्या खेपेला ती मला म्हणाली, "सर, पेटी वरून तापती. बाजूनंबी तापती. समद्या अंगानं. अन् हा टीव्हीबी तापलेला असतोय, हात लावू वाटत न्हाई."

टीव्ही म्हणजे मॉनिटर. आता बघा. चिपचा आणि मॉनिटरचा काही संबंध नाही. मॉनिटरची वीज वेगळी, हवा वेगळी. चिपचा पंखा बिघडला तर मॉनिटर कशाला तापेल? ज्याला या धंद्यातलं काही कळतं, तो हे ऐकून खुर्चीतून उठायला हवा होता. दोन वेगळ्या वस्तू एकाच वेळी चहूबाजूंनी तापतात, म्हणजे बिघाड आत नाही, बाहेर आहे. हे मी एखाद्या कारकुनानं सांगितलं असतं तर ऐकलं असतं का, माहीत नाही. मेंढपाळाच्या नातीनं सांगितलं ते मी ऐकलं नाही. मी म्हणालो, उन्हाळा आहे बाई, माझंही डोकं समद्या अंगानं तापतंय.

"सर, एकदा दुपारी हितंच बसून बगा की," ती म्हणाली. "जेवाया नका जाऊ. काय व्हतंय ते दिसंल तरी."

"मशीनला दुपारची भूक लागते काय?" मी म्हणालो. रांगेतले लोक हसले. लोक हसले की मला फार बरं वाटायचं.

मग मी मशीन माझ्या दुकानात घेऊन आलो आणि चार दिवस चोवीस तास सुरू ठेवलं. एकदाही बंद पडलं नाही. चिपचं तापमान पडद्यावर दिसतं, ते अगदी शहाण्या मुलासारखं जागेवर. पाचव्या दिवशी मी मशीन परत नेलं. सेंटर भरलेलं होतं. दहा-पंधरा माणसं बाकावर, दोघं तिच्याच वाडीचे. गोविंदराव वैतागून म्हणाले, "बिराजदार, एकदाचं काय ते सांगून टाका. मशीन बदलू का?"

मी म्हणालो, "मशीन ठणठणीत आहे. त्याच्यापुढं जे बसतं ते बदला."

इथं थांबलो असतो तरी चाललं असतं. पण लोक बघत होते. मी पुढं म्हणालो, "दुपारी जाताना हळूच बटण दाबून जायचं, म्हणजे आल्यावर अर्धा तास आराम. मी असल्या गोष्टी लई पाहिल्यात."

महादेवी उभी राहिली. "मी बटन दाबलं न्हाई, सर."

"मशीन खोटं बोलत नाही," मी म्हणालो. हे माझं ठेवणीतलं वाक्य होतं. ते मी बऱ्याच ठिकाणी वापरलं होतं आणि ते बहुतेक वेळा लागू पडायचं. बाकावरचा एक जण म्हणाला, "शिकल्या का असंच करतेत पोरी." शनिवारी गोविंदरावांनी तिला येऊ नको म्हणून सांगितलं. पुढच्या आठवड्यात ती हैदराबादला गेली, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मी विचारलंही नव्हतं.

तिच्या जागेवर गोविंदरावांची सून बसायला लागली. तिला मराठी येत होतं, कानडी येत नव्हतं, म्हणून अर्धं गिऱ्हाईक पलीकडच्या गल्लीत गेलं. आणि मशीन? मशीन दुपारी बंद पडतच राहिलं. गोविंदरावांनी आधी दोन महिने ते मला सांगितलं नाही, कारण मग सुनेबद्दल काय म्हणायचं हा प्रश्न होता. शेवटी श्रावणात निरोप आला. मी गेलो तो सोमवार होता. मला उपास होता, तोही रात्री सोडायचा. एक वाजला, ताटं वाढली, गोविंदरावांनी हाक मारली आणि मी म्हणालो, आज नको, मी इथंच टेकतो. झेरॉक्स मशीनच्या मागं सावली होती, तिथं भिंतीला पाठ लावून मी बसलो. आयुष्यातल्या एवढ्या उपासांपैकी या एकाचं मला फळ मिळालं.

सगळे आत गेल्यावर अप्पा गादीवरून उठले. भिंतीला धरून कोपऱ्यातल्या लाकडी पेटीपाशी गेले आणि तिच्यातून एक घडी घातलेलं कापड काढलं. लाल खारव्याचं, जाडंभरडं, चौकोनी. ते त्यांनी झटकलं. मग मॉनिटर आणि पेटी दोन्हींवर मिळून अंथरलं. चारी पदर खाली ओढून घेतले, मागचे पुढं आणले, पुढचे मागं नेले, आणि वर घट्ट गाठ मारली. एवढं वय झालेलं, पण गाठ मारताना बोटं कुठंही अडखळली नाहीत. चालू मशीनच्या पंख्याचा आवाज कापडाआड दबला. अप्पांनी गाठीवर तळहात ठेवला, क्षणभर थांबले, आणि वळले.

"अप्पा, हे काय करायलाव?" मी विचारलं.

ते दचकले. "कोण? बिराजदाराचा व्हय तू? जेवाया न्हाई गेलास?" मग म्हणाले, "बस्ता बांधायलोय. दिसंना का?"

बस्ता म्हणजे दप्तर बांधायचं कापड. पटवाऱ्याचे सगळे कागद त्यात असत.

"रोज बांधताव?"

"रोज. ह्याच्यात लोकांच्या जमिनीचे कागुद हाइत. वारसाचे अर्ज हाइत. दप्तर उघडं टाकून पटवारी जेवाया उठत नसतोय." त्यांचा आवाज जरा चढला. "तीन गावं व्हती माझ्याकडं. एक कागुद इकडचा तिकडं झाला न्हाई. ही पोरं उठतेत अन् तसंच सोडून जातेत. मी बांधतो, अन् येण्याआधी सोडतो. त्यांना कशाला सांगायचं? दप्तर बांधलं म्हणून कुणी दवंडी देतंय व्हय?"

ते जेवायला गेले. मी गाठ सोडायला हात पुढं केला आणि मागं घेतला. बसून राहिलो. दहा मिनिटांनी कापडावरून हात लावला. वरून गरम. बाजूनं गरम. मॉनिटरही गरम. महादेवीनं सांगितलं होतं अगदी तसंच, तिच्याच क्रमानं. कापडाच्या आत पंखा तीच तीच गरम हवा फिरवत होता. अर्धा तास होत आला तेव्हा पंख्याचा आवाज थांबला. पावणेदोनला अप्पा आले, गाठ सोडली, कापडाची जुन्याच दुमडीवर घडी घातली, पेटीत ठेवली आणि गादीवर जाऊन बसले. दोनला सून आली, बटण दाबलं, आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "बघा, परत."

मी गोविंदरावांना आत माजघरात नेऊन सगळं सांगितलं. ते आधी हसले. मग हसायचे थांबले. मी म्हणालो, त्या पोरीला परत बोलवा.

"आता सून बसायली," ते म्हणाले. "अन् हे बघा, अप्पांना जर कळलं का त्यांच्या बस्त्यानं मशीन बंद पडायलाय, त्यांच्यापायी एका पोरीचं काम गेलंय, तर ते परत ओसरीत पाय ठेवणार न्हाईत. ह्या वयात त्यांच्याकडं दुसरं हाय काय? तुमी असं करा, पंखा खराब व्हता म्हणून लिहा."

मी लिहिलं. कामाच्या कागदावर माझ्या हातानं लिहिलं, पंखा बदलला. सुनेला सांगितलं, दुपारी मशीन बंद करून उठत जा. ज्या मशीनसाठी मी चार खेपा घातल्या होत्या, त्याचा इलाज हा एका वाक्याचा होता. आणि ते वाक्य मी आधी उलटं सांगून ठेवलं होतं. त्या दिवसापासून मशीन एकदाही बंद पडलं नाही, आणि गोविंदराव चारचौघांत माझी तारीफ करायला लागले. बिराजदारनं शेवटी पकडलंच, म्हणायचे.

दसऱ्यानंतर सामान आणायला हैदराबादला जायचं होतं. त्याआधी मी धनगरवाडीत जाऊन तिच्या चुलत्याकडून पत्ता घेतला. चुलत्यानं पाणीही विचारलं नाही. पत्ता म्हणजे काय, कोणत्या चौकातून कुठं वळायचं आणि कोणत्या मुकादमाचं नाव सांगायचं. मी शोधत शोधत गेलो. निम्मी काचेची, निम्मी उघडी अशी दहा-बारा मजल्यांची इमारत. कॉम्प्युटरच्या कंपनीसाठी बांधत होते म्हणे. आत शेकडो मशीनं बसणार आणि ती तापू नयेत म्हणून गच्चीवर खोलीएवढाली थंड हवेची यंत्रं चढवत होते. खाली उन्हात आमच्या बीदर-कलबुर्गीची माणसं विटा वाहत होती.

महादेवी पाण्याच्या पिंपापाशी भेटली. डोक्याला चुंबळ, हाताला सिमेंट. मी सगळं सांगितलं, अप्पा, कापड, गाठ, सगळं. ती ऐकत राहिली. तिला आश्चर्य वाटेल, राग येईल, ती रडेल, असं मी बसमध्ये बसून ठरवलं होतं. तसं काही झालं नाही.

"सर, तुमी हितंवर आलाव, बरं वाटलं," ती म्हणाली. "पर मला हे कामून सांगायलाव? मी काय केलं न्हवतं, ते मला ठावंच व्हतं."

मी म्हणालो, गोविंदरावांनाही सांगितलं आहे.

"कुठं सांगितलाव?"

"म्हणजे?"

"माणसांत सांगितलाव का आत?"

"आत," मी म्हणालो. "माजघरात."

"मला माणसांत म्हणला व्हताव," ती म्हणाली. "आमच्या वाडीचे दोघं बसले व्हते. त्यांनी जाऊन सांगितलं, मेत्र्याच्या पोरीनं मालकाचं मशीन बिघडवलं. सोयरीक आली व्हती, ती फिरली. बापानं मला एक शब्द इचारला न्हाई, नुसता बसला." मुकादमानं हाक मारली तशी तिनं पाटी उचलली. "माणसांत सांगा, सर. मी ईन का न्हाई ते मग बघू."

मी परत आलो आणि सांगायला गेलो. खरोखर गेलो. सोमवारी, बाजाराच्या दिवशी, मुद्दाम गर्दीच्या वेळी. बाक भरलेलं होतं. अप्पा गादीवर होते, कुणाचा तरी अर्ज डोळ्यांपुढं धरून "हं" म्हणत होते. मला बघून म्हणाले, "बस रे, बिराजदारा. पंखा झकास बसवलास." सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी चहा प्यालो आणि घरी आलो. अप्पांच्या मानासाठी गप्प बसलो, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. अप्पांचा मान त्यात थोडा होता. बाकी भीती होती. तोवर दुसऱ्यांच्या अकलेवर हसून जे नाव कमावलं होतं, ते त्या बाकासमोर उतरवायचं माझ्यानं झालं नाही.

अप्पा त्यानंतर चार वर्षांनी गेले. सेंटरही बंद झालं, लोक आता मोबाइलवरच अर्ज बघतात. मी दुकान आवरलं. मध्यंतरी धनगरवाडीत चौकशी केली, तर मेत्र्यांचं घर पडलेलं होतं आणि चुलताही मुलाकडं गेला होता. महादेवी कुठं आहे, कुणाला नक्की सांगता आलं नाही.

या लेखातली माणसांची बाकी सगळी नावं मी बदलली आहेत. तिचं बदललेलं नाही. महादेवी मेत्रे हिनं मशीन बिघडवलं नव्हतं. तिनं बटण दाबलं नव्हतं. तिनं सांगितलं ते शब्दाला शब्द खरं होतं, आणि भरल्या ओसरीत खोटं बोललो तो मी. धनगरवाडीच्या बाजूचं कुणी हे वाचत असेल, तर त्याला माझी हात जोडून विनंती आहे. माणसं जमली असतील तेव्हा हा शेवटचा परिच्छेद तेवढा पारावर मोठ्यानं वाचून दाखवावा.